आठ मिनिटं, डोकं न हलवता

मेंदूच्या एमआरआय संशोधनात सगळ्यात दुर्मीळ असतं ते न हललेलं डोकं. यंत्र कितीही महागडं असो, आत झोपलेल्या माणसानं आठ मिनिटं मान हलवली नाही तरच आमच्या हाती काही लागतं. आणि मी ज्या कामात काही वर्षं काढली तिथं आत झोपणाऱ्या माणसांच्या निदानातच उतावळेपणा आणि चिडखोरपणा लिहिलेला होता. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार, डॉक्टरमंडळी ज्याला अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, त्या निदानाचे हे पुरुष. मारहाण, चाकूहल्ला, लूटमार अशा गुन्ह्यांत शिक्षा भोगून बाहेर आलेले आणि प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहणारे. शहर लंडन. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण त्या माणसांना आम्ही गुप्ततेचा शब्द दिला होता.

मी पुण्याची, शिक्षण भौतिकशास्त्राचं. मनोविकारतज्ज्ञ नाही. स्कॅनच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये बसायचं आणि नंतर त्या स्कॅनमधून मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधली ‘कनेक्टिव्हिटी’ काढायची, हे माझं काम. या शब्दाभोवती गेल्या काही वर्षांत इतकं काही बोललं गेलंय की ती नेमकी मोजतात कशी, हे आधी सांगायला हवं.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. हा बदल चुंबकीय प्रतिमेत टिपता येतो हे सेजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवलं. आम्ही दर दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा घेत असू. आठ मिनिटांच्या अशा 240. माणसाला काहीच करायचं नसतं. पडद्यावरच्या फुलीकडे बघत जागं राहायचं, बस. या आठ मिनिटांत मेंदूतल्या प्रत्येक ठिकाणचा सिग्नल संथपणे चढत-उतरत राहतो. पूर्वी संशोधक हा चढ-उतार गोंगाट म्हणून काढून टाकत. 1995 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला शिकत असलेल्या भारत बिस्वाल यांनी दाखवलं की माणूस नुसता पडून असला तरी हालचाल सांभाळणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांचे सिग्नल एकदमच चढतात, एकदमच उतरतात. त्या गोंगाटात मेंदूची मांडणी होती. पुढे 2001 मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी विश्रांतीच्या वेळी जास्त सक्रिय असणाऱ्या भागांची संकल्पना मांडली, आणि ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हा शब्द रूढ झाला. स्वतःबद्दलचे, भूतकाळाचे, इतरांच्या मनाबद्दलचे विचार चालू असताना हे जाळं जागं असतं.

म्हणजे कनेक्टिव्हिटी हा दोन लयी किती जुळतात याचा आकडा आहे. दोन वाड्यांतले दिवे रोज एकदम जात-येत असतील तर त्या दोन वाड्यांमध्ये तार ओढलेली असेलच असं नाही. दोन्ही एकाच फीडरवर असतील, एवढंच. मेंदूतल्या खऱ्या तारा, म्हणजे पांढऱ्या द्रव्यातले तंतूंचे जुडगे, वेगळ्या प्रकारच्या स्कॅनमध्ये दिसतात. वर्तमानपत्रात ‘गुन्हेगारांच्या मेंदूतली जोडणी तुटलेली’ असा मथळा वाचला की वाचकाला तुटकी तार दिसते. आमच्या संगणकावर 0.41 च्या जागी 0.33 असा काहीतरी आकडा असतो, तोही वीस-तीस माणसांच्या सरासरीचा.

आता त्या हलणाऱ्या डोक्याकडे येते, कारण या सगळ्या विषयाची नाडी मला तिथंच सापडली. डोकं कॉइलमध्ये ठेवतात, दोन्ही बाजूंना फोमच्या उशा, कानात इअरप्लग, वर हेडफोन, हातात दाबायचा बल्ब. तरी माणूस गिळतो, खोल श्वास घेतो, पायाचा अंगठा हलवतो, आणि त्या धक्क्यानं डोकं एका मिलिमीटरचा काही भाग सरकतं. एवढंसं सरकणं पुरतं. त्यामुळे जवळजवळच्या भागांची लय खोटीच जुळलेली दिसते आणि दूरदूरच्या भागांची खोटीच सुटलेली दिसते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे मांडलं. त्यांच्याच गटाचे आधीचे निष्कर्ष असे होते की लहान मुलांत जवळच्या जोडण्या जास्त, लांबच्या कमी असतात, आणि वय वाढेल तसं हे पालटतं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, आणि त्या निष्कर्षातला काही वाटा या हलण्याचाच होता. स्वतःच्या गाजलेल्या कामावर स्वतःच प्रश्नचिन्ह लावून तो निबंध छापणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या निबंधानं माझं रोजचं काम बदललं.

समाजविरोधी विकाराच्या अभ्यासांत वारंवार काय छापून येतं? कपाळामागचे भाग आणि मेंदूच्या मागच्या-मधल्या भागांतली लांब पल्ल्याची जुळणी कमी. म्हणजे हलणाऱ्या डोक्यानं जे दिसेल अगदी तेच. मग मी काय करायचं? जास्त हललेल्यांचे स्कॅन बाद करायचे. नियम सगळीकडे तोच आहे आणि बरोबर आहे. पण बाद कोण होत असे? सर्वांत अस्वस्थ, सर्वांत उतावळी माणसं. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही त्यांना बोलावलं, त्याच गुणामुळे ती यादीतून जात आणि उरत ती त्यातल्या त्यात शांत राहू शकणारी. हा पेच कुठल्याही गणितानं पूर्ण सुटत नाही. दोन्ही गट हलण्याच्या बाबतीत सारखे करून घ्यायचे, किती जण बाद झाले आणि का, ते निबंधात स्पष्ट लिहायचं, आणि फरक उरला तर तो किती उरला ते सांगायचं, एवढं हातात असतं. आमच्याकडे हे करून झाल्यावर फरक नाहीसा होत नसे, पण बराच आक्रसत असे.

स्थिर पडून राहणं या माणसांना किती जड जायचं हे कंट्रोल रूमच्या काचेतून दिसायचं. एकानं पहिल्या तीन-चार मिनिटांतच बल्ब दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, “बंद खोलीची सवय आहे मला. पण तिथं हात तरी हलवता येतात.” मी त्याला सांगितलं की थांबायला काहीच हरकत नाही, मानधन पूर्ण मिळेल. तो बराच वेळ बाकावर बसून राहिला आणि मग स्वतःच परत टेबलावर जाऊन झोपला. आकड्यांच्या कोष्टकात उतावळेपणाच्या रकान्यात त्याला वरचे गुण होते. त्या दिवशी तो आठ मिनिटं पडून राहिला, आणि त्याचा स्कॅन वापरता आला.

निदान होतं ते मुलाखतीतून. मानसशास्त्रज्ञ सहकारी तासन्‌तास बोलत, तुरुंगातल्या आणि पोलिसांच्या नोंदी वाचत. अमेरिकन मनोविकार संघटनेची नियमावली, म्हणजे डीएसएम, सांगते की वय 18 पूर्ण हवं, 15 व्या वर्षाआधी वर्तणुकीतले गंभीर बिघाड दिसलेले हवेत, आणि सात लक्षणांपैकी किमान तीन हवीत: कायदा मोडत राहणं, फसवणूक, उतावळेपणा, आक्रमकपणा, स्वतःच्या नि इतरांच्या जिवाची बेफिकिरी, जबाबदारी टाळणं, पश्चात्ताप नसणं. सातांतून तीन किंवा जास्त निवडायच्या 99 मांडण्या होतात. एकाकडे फसवणूक, बेजबाबदारपणा आणि निर्ढावलेपण असेल, दुसऱ्याकडे उतावळेपणा, मारामारी आणि जिवाची बेफिकिरी. एकही लक्षण सारखं नाही, आणि निदान एकच. मग या दोघांच्या मेंदूंची सरासरी काढून जो नकाशा येईल तो कुणाचा, असा प्रश्न मला पहिल्या महिन्यातच पडला होता, आणि तो पुढेही सुटला नाही.

या गर्दीतून एक वाट काढता येते. 1941 मध्ये हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं वरून शहाण्यासुरत्या दिसणाऱ्या, आतून भावनाशून्य माणसांचं वर्णन केलं होतं. त्यावरून कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांनी 20 मुद्द्यांची तपासणी तयार केली, प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण 40. अमेरिकेत तीस आणि त्यावर गुण आले तर सायकोपथी धरतात, युरोपात बरेचदा पंचवीसवर. सर्वसाधारण लोक समाजविरोधी विकार आणि सायकोपथी एकच समजतात. तसं नाही. सीना फझेल आणि जॉन डॅनेश यांनी 2002 मध्ये बारा देशांतल्या 62 पाहण्यांचा एकत्रित अभ्यास केला तेव्हा पुरुष कैद्यांपैकी 47 टक्के समाजविरोधी विकारात बसले. सायकोपथीच्या कसोटीत त्यांतले थोडेच बसतात. उरलेल्या मोठ्या गटाचं चित्र अगदी वेगळं असतं: चिंता, उदासी, दारू, पटकन भडकणं, आणि नंतर वाईट वाटणं. हो, वाईट वाटणं. यादीतली तीन लक्षणं पश्चात्ताप धरूनही भरतात.

लंडनच्याच सारा ग्रेगरी, नायजेल ब्लॅकवुड आणि शीला हॉजिन्स यांच्या 2012 च्या अभ्यासानं हा भेद मेंदूत दाखवला, म्हणून तो मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विकार आणि सायकोपथी दोन्ही असलेले 17 हिंसक गुन्हेगार, नुसता विकार असलेले 27, आणि गुन्हा न केलेले 22 निरोगी पुरुष. कपाळाच्या पुढच्या टोकाकडचं आणि कानशिलामागच्या टोकांकडचं करडं द्रव्य पहिल्या गटात कमी भरलं. मधला गट निरोगी माणसांच्या जवळ होता. एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या असतील तर आधीच्या कित्येक अभ्यासांचे निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत, हे त्यावरून कळतं.

जोडण्यांबद्दल जे सर्वाधिक सांगितलं जातं ते कपाळामागच्या तळाचा मधला भाग आणि कानशिलाच्या आत खोल असलेला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, या दोघांविषयी. पहिला निवडीचं मोल जोखतो, दुसरा भय आणि धोका ओळखायला लागतो. या दोन प्रदेशांना जोडणारा अन्सिनेट फॅसिक्युलस हा तंतूंचा पट्टा सायकोपथी असलेल्यांत कमकुवत आढळला, असं लंडनच्याच मायकेल क्रेग यांच्या गटानं 2009 मध्ये छापलं. त्यात सायकोपथी असलेली माणसं होती फक्त नऊ. 2011 मध्ये विस्कॉन्सिनचे ज्युलियन मॉट्झकिन, मायकेल कोनिग्स आणि इतरांनी तोच पट्टा आणि त्याच दोन भागांची विश्रांतीतली लय तपासली. दोन्ही कमी आढळल्या. या अभ्यासाची खरी ताकद ही की तुलनेतले दोन्ही गट कैद्यांचेच होते. तुरुंगातलं जेवण, झोप, ताण आणि मागचं आयुष्य बऱ्याच अंशी सारखं, फरक हेअर तपासणीच्या गुणांत. या संशोधनासाठी वापरलेला स्कॅनर ट्रेलरमध्ये बसवून थेट तुरुंगात नेलेला होता. केंट कील यांनी न्यू मेक्सिकोत 2007 मध्ये हे फिरतं एमआरआय सुरू केलं. कैद्याला बेड्या घालून रुग्णालयात आणण्यापेक्षा यंत्रानंच त्याच्याकडे जाणं कितीतरी सभ्यपणाचं आहे.

निरोगी गट कुठून आणायचा हा आमचा सततचा घोर. विद्यापीठातले विद्यार्थी चालत नाहीत. तीच वस्ती हवी, तेच वय, तीच बुद्ध्यांकाची पातळी. आणि व्यसनं? आमच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांनी किशोरवयापासून दारू, गांजा, कोकेन यांतलं काही ना काही केलेलं. स्कॅनच्या दिवशी लघवीची तपासणी होई, पण ती गेल्या काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं सांगते, वीस वर्षांचं नाही. त्याहून मोठं म्हणजे डोक्याला झालेल्या इजा. कैद्यांवरच्या अभ्यासांचा 2010 मध्ये घेतलेला एक आढावा सांगतो की सुमारे 60 टक्के कैद्यांना आयुष्यात कधीतरी मेंदूला इजा झालेली असते. कपाळामागचा तळ आणि कानशिलाची टोकं कवटीच्या खडबडीत हाडाला घासतात, म्हणून डोक्यावर मार बसला की तेच भाग आधी दुखावतात. म्हणजे विकाराची खूण म्हणून आम्ही जिथं बघतो, तिथंच माराचीही खूण उमटते.

मी जेव्हा प्रश्नावल्या संगणकात भरत असे तेव्हा ‘बेशुद्ध पडला होतात का, कितव्या वर्षी, कशानं’ या रकान्याशी माझा हात थांबे. सहाव्या वर्षी, जिन्यावरून, वडिलांनी ढकललं. अकराव्या वर्षी, आईच्या मित्रानं. त्याच्या खाली, आक्रमकपणाच्या रकान्यात, त्याच माणसाचे गुण. विश्लेषणात पहिला रकाना ‘वगळायचा घटक’ म्हणून वापरतात, म्हणजे गणितानं त्याचा प्रभाव काढून टाकतात, जेणेकरून विकाराचा निव्वळ परिणाम दिसावा. संख्याशास्त्रानं ते योग्य आहे. पण या माणसाच्या आयुष्यात तो प्रभाव काढून टाकला तर उरतं काय, हे मला कुठल्याच सूत्रातून कळलं नाही. मारानं झालेला मेंदू आणि विकारानं झालेला मेंदू असे दोन मेंदू त्याच्याकडे नव्हते.

स्कॅन झाला की आम्ही प्रत्येकाला त्याच्या मेंदूची एक छापील प्रतिमा देत असू. बाजूनं कापलेलं दृश्य, नाक, ओठ, मणका आणि मधोमध मेंदू. संशोधन केंद्रांत ही रीत आहे, लोकांना ती फार आवडते. आमच्याकडची माणसं ती बराच वेळ न्याहाळत. आणि जवळजवळ प्रत्येक जण बोट फिरवत विचारी, “यातला खराब भाग कुठला?”

कुणी हसत विचारी, कुणी अगदी हळू. एकानं सांगितलं की त्याचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि हे त्याच्यात उतरतं का ते त्याला जाणून घ्यायचं आहे. मी त्यांना खरं तेच सांगत असे: या चित्रात तसा कुठलाही भाग मला दिसत नाही, आणि कुणालाच दिसणार नाही. आम्ही बघतो तो फरक पुष्कळ माणसं एकत्र घेतल्यावर दिसणारा, दोन गटांच्या सरासऱ्यांमधला. त्या दोन गटांतली माणसं आकड्यांच्या पट्टीवर मांडली तर एकमेकांत बरीच मिसळतात. तुमचा आकडा निरोगी गटाच्या मधोमध पडू शकतो आणि एखाद्या शिक्षकाचा तुमच्या गटात. काहींना हे ऐकून बरं वाटे. काहींची निराशा होई, तेही मी पाहिलं. खराब भाग सापडला असता तर तो काढता आला असता, किंवा निदान त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं.

संगणकाला हे ओळखता येतं असंही छापलं जातं. चीनमधल्या छांगशाच्या एका गटानं 2013 मध्ये विश्रांतीतल्या जोडण्यांवरून विकार असलेले आणि नसलेले तरुण वेगळे काढून दाखवले, आणि संगणकाचं उत्तर दहांपैकी आठांहून अधिक वेळा बरोबर आलं. तंत्र म्हणून ते काम चांगलं आहे. पण तिथं दोन्ही गट साधारण निम्मेनिम्मे होते. बाहेरच्या जगात हे निदान शंभरात एक ते चार जणांत सापडतं. समजा शंभरात तीन. आता 85 टक्के अचूक असलेली तपासणी रस्त्यावरच्या 2000 माणसांवर वापरा. विकार असलेल्या 60 पैकी 51 पकडले जातील, आणि विकार नसलेल्या 1940 पैकी 291. बोट दाखवलेल्या 342 माणसांत सुमारे सातांत एक खरा. शाळेत, नोकरीत, जामिनाच्या अर्जात कुणी हे यंत्र वापरायचं म्हटलं तर बाकीच्या सहांचं काय होईल, हे मी व्याख्यानांत नेहमी मांडते. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये स्कॉट मारेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 50,000 माणसांचे स्कॅन तपासून दाखवलं की मेंदूतले फरक आणि वागण्यातले फरक यांचं नातं भरवशानं सापडायला हजारो माणसं लागतात. आमच्या विषयात शंभर जमले तरी उत्सव.

मग हे काम करायचंच कशाला? करायचं, आणि मी ते पुन्हा करेन. ब्लॅकवुड यांच्याच गटानं 2015 मध्ये दाखवलं की चूक झाल्यावर शिक्षा मिळाली की सायकोपथी असलेल्या माणसांचा मेंदू ती वेगळ्या रीतीनं हाताळतो, नुसता विकार असलेल्यांचा तसा नाही. नुसत्या शिक्षेवर उभारलेली सुधारणा एका गटाला लागू पडेल आणि दुसऱ्याला पडणार नाही, असा याचा अर्थ असू शकतो. उपचार बेतताना हे कळलेलं बरं. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेच्या 2009 च्या मार्गदर्शनात या विकारासाठी सरसकट औषधं देऊ नयेत असं म्हटलंय, भर आहे तो गटात चालणाऱ्या विचार-वर्तन उपचारांवर आणि त्याआधी मुलांवर, पालकांवर. ली रॉबिन्स यांनी सेंट लुईसमध्ये बालमार्गदर्शन केंद्रातल्या 524 मुलांचा तीस वर्षांनी शोध घेऊन 1966 मध्ये पुस्तक लिहिलं. मोठेपणी समाजविरोधी ठरलेल्या जवळपास प्रत्येकाचं बालपण बिघडलेलं होतं, पण बिघडलेल्या बहुतेक मुलांचं पुढे तसं झालं नाही. या दुसऱ्या मुलांच्या मेंदूत काय घडतं, कुठल्या जोडण्या कधी सावरतात, हे वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्याशिवाय कळणार नाही. स्कॅनर तिथं न्यायला हवा.

तो जातो मात्र न्यायालयात. 2009 मध्ये इलिनॉय राज्यात ब्रायन डुगन या खुन्याच्या शिक्षेच्या सुनावणीत केंट कील यांनी त्याच्या मेंदूच्या एफएमआरआयबद्दल साक्ष दिली. ज्यूरीनं मृत्युदंडच दिला, पुढे 2011 मध्ये त्या राज्यानं मृत्युदंड रद्द केला ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे उलटी दिशा दिसली. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात, आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदू-तपासणीचा आधार घेत शिक्षा सुनावली. जगभरातल्या मेंदूतज्ज्ञांनी त्यावर चिंता व्यक्त केली. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदू-तपासण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निकाल दिला. मी तेव्हा परदेशात होते, पण तो निकाल मी अक्षरशः ओळन्‌ओळ वाचला.

आता मी पुण्यातच शिकवते. मध्यंतरी एक वकील भेटायला आले. त्यांचा अशील खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला होता, शिक्षेवरचा युक्तिवाद व्हायचा होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मेंदूच्या जोडण्यांचा स्कॅन करून माणूस मुळातच असा आहे हे दाखवता येतं.

“मॅडम, खर्चाचं बघू आम्ही. तुम्ही फक्त अहवाल द्या.”

“वकीलसाहेब, स्कॅन करता येईल. पण त्यावरून तुमच्या अशिलाबद्दल एक वाक्यही मला लिहिता येणार नाही. आणि समजा मी लिहिलं की हा मुळातच असा आहे, तर न्यायाधीश त्याचा अर्थ काय घेतील? सुधारणार नाही, असाच ना?”

ते गप्प झाले. मग मी त्यांना विचारलं की लहानपणी त्याच्या डोक्याला कधी मार लागला होता का. त्यांना माहीत नव्हतं. शाळा कितवीत सुटली? घरात कोण दारू पीत होतं? तेही नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलंय की मृत्युदंडाचा विचार होणार असेल तेव्हा आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक तपासणी हे सगळं न्यायालयापुढे यायलाच हवं. हे वकीलसाहेबांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या मनात मानसिक तपासणी म्हणजे यंत्र होतं, एवढंच. मी त्यांना एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव दिलं, जे तुरुंगात जाऊन दोन-तीन बैठकांत इतिहास घेतात.

त्यांनी पिशवीतून डायरी काढली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातले जुने केसपेपर मिळतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्ज करून बघा, वीस वर्षांपूर्वीचे बहुधा मिळणार नाहीत, पण त्याची आई किंवा मोठी बहीण असेल तर तिला वर्षं आठवतील. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र मिळेल, त्यात नाव कधी कमी केलं ते असतं.

“बहीण आहे,” ते म्हणाले. “धायरीला राहते. ती प्रत्येक तारखेला येते, पण तिला कुणी काही विचारलेलं नाही.”

त्यांनी तिथूनच तिला फोन लावला.